छोटा गाळा विकत घ्यायचाय, कर्ज कोण देतं?

आनंदनगरकर:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

पुण्यात सिंहगड रोडला माझं चष्म्याचं दुकान आहे. गाळा भाड्याचा, महिना २२,०००. मालक आता मुलाकडे बंगळूरला राहायला चाललेत आणि गाळा विकायला काढलाय. पहिला मान तुमचा, असं म्हणाले. मागणी ४६ लाख, त्यातले ३६ चेकने आणि १० रोख. तळमजला, रस्त्याला लागून, सोसायटी १९९८ ची. क्षेत्रफळ मालकांच्या तोंडून २५० चौरस फूट.

माझ्याकडे सगळी जमवाजमव करून १७-१८ लाख होतील. दुकानाची उलाढाल ३८ लाखांच्या घरात, रिटर्नमध्ये नफा ४ लाख ६० हजार. बायको खासगी शाळेत शिक्षिका, पगार ३४,०००. घराचं कर्ज चालू आहे, हप्ता ११,०००.

दुकानाचं करंट खातं ज्या बँकेत आहे तिथे जाऊन आलो. मॅनेजरबाई म्हणाल्या, घरासाठी हवं असतं तर आत्ता फॉर्म दिला असता, गाळ्याचं आमच्या शाखेत होत नाही. दुसरीकडे एका एजंटाचे रोज फोन. म्हणतो पॅन-आधार व्हॉट्सअ‍ॅप करा, पाच ठिकाणी फाइल टाकतो. कमर्शियल गाळ्याला नक्की कोण कर्ज देतं? सहकारी बँक बरी की फायनान्स कंपनी? व्याज किती धरून चालू?

साधा_माणूस:
कर्ज कोण देतं ते नंतर. आधी गाळा घ्यायचाच कशाला? २२ हजारांनी वर्षाचे २ लाख ६४ हजार झाले, ४६ लाखांवर पावणेसहा टक्के. कर्ज पडणार दहाच्या पुढे. भाडं भरा, उरलेला पैसा फंडात टाका, निवांत झोपा.

आनंदनगरकर:
@साधा_माणूस, हिशेब मान्य. पण चष्म्याचं गिऱ्हाईक दोन वर्षांनी नंबर तपासायला परत येतं, ते जागेवर येतं. शेजारच्या मेडिकलवाल्याला गाळा सोडावा लागला, चार दुकानं पलीकडे गेला तरी निम्मी गिऱ्हाइकी तुटली. नवा मालक मला ठेवेल याची काय खात्री?

खातेवही:
बँकेतून निवृत्त झालोय, बरीच वर्षं कर्ज विभागात होतो. थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, एजंटाला पॅन पाठवू नका. त्याने पाच ठिकाणी फाइल टाकली की सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीत) पाच चौकश्या एकदम उमटतात आणि सहाव्या ठिकाणचा अधिकारी विचारतो, आधीच्या पाचांनी का नाकारलं? स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांकडून वर्षाला एकेक मोफत मिळतो आणि स्वतः पाहिल्याने स्कोअर खाली जात नाही.

दुसरी गोष्ट, तुम्ही शाखेत जाऊन 'गाळ्यासाठी कर्ज' म्हणालात, तिथेच गाडी अडली. गाळा घेऊन भाड्याने देणारा आणि त्यात स्वतः धंदा करणारा ही बँकेच्या लेखी दोन वेगळी माणसं आहेत. पहिल्याचा हप्ता भाड्यातून येणार, म्हणून ते कमर्शियल रिअल इस्टेट. त्यावर बँकेला भांडवल जास्त बाजूला ठेवावं लागतं आणि शाखा अंग काढते. तुमचा हप्ता धंद्याच्या कमाईतून येणार. तुम्ही सूक्ष्म उद्योजक आहात. उद्यम नोंदणी नसेल तर आजच करा, सरकारी पोर्टलवर फुकट होते, कुणाला पैसे देऊ नका. मग त्याच बँकेच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कक्षात जा (पुण्यात मोठ्या बँकांचे वेगळे कक्ष आहेत, शाखेत ही प्रकरणं होतच नाहीत) आणि 'स्वतःच्या धंद्यासाठी जागा घ्यायला मुदत कर्ज' असं मागा. हे कर्ज बँकेच्या अग्रक्रम क्षेत्रात (जिथे ठराविक वाटा कर्ज द्यावंच लागतं) धरलं जातं, त्यांचं उद्दिष्ट भरतं, त्यामुळे ऐकून घेतात.

दरांचं म्हणाल तर गृहकर्जाच्या वर दीड-दोन टक्के धरून चाला, फायनान्स कंपनीत त्याहून जास्त. मुदत १० ते १५ वर्षं. आणि गृहकर्जासारखे ८०-९० टक्के विसरा. इथे ६० ते ७०, तेही करारातली किंमत आणि बँकेचं मूल्यांकन यांत जे कमी असेल त्याच्यावर. 'जे कमी असेल त्याच्यावर' हे दोनदा वाचा. तुमच्या दहा लाख रोखीचा निकाल तिथेच लागतो.

आनंदनगरकर:
खातेवही काका, खूप आभार. रोखीचं जरा फोड करून सांगाल का? मालक म्हणतात रोखीत दिल्याने माझाच फायदा आहे, स्टँप ड्युटी वाचते.

खातेवही:
६५ टक्के धरू. सगळे ४६ चेकने दाखवले तर कर्ज २९ लाख ९० हजार, तुमच्या खिशातून १६ लाख १० हजार. करार ३६ चा केला तर कर्ज २३ लाख ४० हजार. म्हणजे १२ लाख ६० हजार चेकचे आणि १० रोख, खिशातून २२ लाख ६० हजार. पुण्यात मुद्रांक ७ टक्के, म्हणून १० लाखांवर वाचले ७०,०००. सत्तर हजार वाचवायला साडेसहा लाख जास्त उभे करायचे. फायदा कुणाचा ते तुम्हीच बघा.

नोंदणी फी १ टक्का पण कमाल ३०,०००, ती दोन्हीकडे सारखीच. आणि महिलेच्या नावावर घेतल्यावर मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते ती फक्त राहत्या घराला, गाळ्याला नाही. हा गैरसमज फार आहे म्हणून आधीच लिहून ठेवतो.

हिशेबनीस:
सीए आहे, म्हणून राहवत नाही.

रोखीच्या बाबतीत मालकांना एवढंच सांगा: स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला घेतली तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. घेणाऱ्याला, म्हणजे त्यांना. शिवाय करार रेडी रेकनरच्या (सरकारी दरपत्रकातल्या) किमतीपेक्षा १० टक्क्यांहून खाली गेला तर फरक तुमच्या उत्पन्नात धरला जाईल, त्यावर कर तुम्ही भरायचा.

आता मालकांच्या बाजूने बघू. त्यांना रोख हवीय ती भांडवली नफ्यावरच्या कराच्या भीतीने. त्या वाढीव १० लाखांवर १२.५ टक्के आणि उपकर धरून साधारण १ लाख ३० हजार कर येतो. बस, एवढाच. जागा जुलै २०२४ च्या आधीची असल्याने महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा जुना पर्यायही त्यांना खुला आहे. जो कमी पडेल तो भरावा. शिवाय बंगळूरला घर घेणार असतील तर त्यात रक्कम गुंतवून सूट मिळू शकते, नाहीतर सहा महिन्यांत कॅपिटल गेन बाँड घ्यावेत. त्यांच्या सीएला भेटा, जमलं तर तिघं एकत्र बसा. हा कर थोडा तुम्ही उचला आणि करार पूर्ण पांढऱ्यात करा. निम्म्याहून जास्त वेळा विक्रेता ऐकतो.

व्यवहार ५० लाखांच्या आत आहे, त्यामुळे खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापायची भानगड तुम्हाला नाही. इमारत जुनी, भोगवटा प्रमाणपत्र (महापालिकेचा वापर परवाना) मिळालेली असेल तर जीएसटीही नाही.

साधा_माणूस:
+१. रोखीच्या मुद्द्यावर तरी आपलं एकमत.

लेसरटेप:
बँकांच्या पॅनेलवर व्हॅल्युअर (मिळकतीची किंमत काढणारा) आहे. एक प्रश्न: ते २५० फूट कुठून आले?

आनंदनगरकर:
मालकांनी सांगितले. दुकान तेवढं आहे खरं. पुढचा भाग धरून.

लेसरटेप:
'पुढचा भाग धरून'. ह्याचीच वाट बघत होतो.

व्हॅल्युअर येतो तेव्हा काय करतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. शटर पूर्ण वर घ्यायला लावतो. लेसर मागच्या भिंतीला लावून पुढे मोजतो, पण शटरपर्यंत मोजत नाही, मूळ बीमपर्यंत मोजतो. तुमच्या रोडवरच्या बहुतेक गाळ्यांत शटर बीमच्या पुढे चार-पाच फूट आलेलं असतं, वर पत्रा, खाली टाईल्स. ती जागा सोसायटीची फ्रंट मार्जिन (इमारतीपुढे मोकळी सोडायची जागा) आहे, गाळ्याची नाही. मंजूर नकाशात जेवढा गाळा, तेवढाच धरायचा. वरचा माळा नकाशात नसेल तर तो धरायचा नाही, तुम्ही त्यावर कितीही फ्रेमची खोकी ठेवा. मग वीज मीटरचा फोटो, मिळकत कराची पावती, चतुःसीमा खरेदीखताशी जुळते का बघायचं. शेवटी शेजारच्या दोन दुकानांत चहा पीत विचारायचं, इकडे काय भाव चाललाय? मालक समोर असला की कुणी खरं सांगत नाही म्हणून त्याला आधी मीटरकडे पाठवायचं.

तुम्ही उद्या हे करा: सोसायटीकडून नाहीतर महापालिकेतून मंजूर नकाशाची प्रत मिळवा. त्यात 'शॉप' असं लिहिलंय का पहिल्यांदा बघा. १९९८ च्या इमारतींमध्ये पार्किंगच्या जागेत पडद्या घालून गाळे विकलेले ढिगाने आहेत. तुमचा तसला निघाला तर कुठलीच चांगली बँक हात लावणार नाही, आणि लावला तर समजा व्याज त्याचंच घेतायत.

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये आजूबाजूच्या गाळ्यांच्या सूची २ (नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा) फुकट दिसतात. मागच्या दोन वर्षांतले तुमच्याच रस्त्यावरचे चार व्यवहार काढा. दलालाच्या भावापेक्षा ते बरे. त्यातही रोखीचा भाग दिसत नाही म्हणा, पण व्हॅल्युअर तेच धरतो.

मृदगंध:
डोंबिवलीत फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे, ऑफिसची जागा अशीच कर्जाने घेतली. माझं कर्ज एका फायनान्स कंपनीचं. मंजुरी फटक्यात झाली हे खरं. पण मंजुरीपत्रात रक्कम एक आणि हातात पडणारी वेगळी. कर्जाला जोडलेला विमा होता, त्याचा एकरकमी हप्ता कर्जातूनच कापलेला, म्हणजे त्यावरही १५ वर्षं व्याज. 'सक्तीचा आहे मॅडम' असं तोंडी सांगितलं. लेखी द्या म्हटल्यावर विमा काढून टाकला.

आनंदनगरकर दादा, सही करण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट मागून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि एमएसएमई मुदत कर्जांना ते देणं बंधनकारक आहे. त्यात वार्षिक टक्केवारीचा एकच आकडा असतो, प्रोसेसिंग, विमा, वकील सगळं मिसळून. दोन ठिकाणांची तुलना त्या आकड्याने करा, जाहिरातीतल्या व्याजाने नाही.

पाटी_पुसून:
इतकं डोकं कशाला लावता. राहत्या घरावर टॉप-अप (चालू गृहकर्जावर वाढीव कर्ज) घ्या. व्याज गृहकर्जाच्या जवळपास, कागद आधीच बँकेत, आठ दिवसांत पैसे. गाळ्याला हातही लावायला लागत नाही, गाळा कर्जमुक्त.

मृदगंध:
आणि धंदा बसला तर? गाळा गेला तर दुकान जाईल. टॉप-अपमध्ये घर जाईल.

पाटी_पुसून:
धंदा बसला तर गाळा विकून टॉप-अप फेडता येतो. घाबरवू नका.

मृदगंध:
विकायला वेळ लागतो, हप्ता थांबत नाही. आमच्या इमारतीत तळमजल्याचा गाळा दीड वर्ष पडून आहे.

खातेवही:
दोघांचंही खरं आहे, म्हणून बेरीज-वजाबाकी करा. ३० लाखांवर १५ वर्षांसाठी साडेनऊ आणि साडेदहा टक्क्यांच्या हप्त्यात फरक महिन्याला साधारण १,८०० रुपये. एवढ्यासाठी घर गहाण वाढवायचं का, हा घरातल्यांचा प्रश्न. मी माझ्या मुलाला नाही म्हणालो असतो. आणि टॉप-अपची मर्यादा घराच्या किमतीवर आणि शिल्लक कर्जावर असते, २७-३० लाख निघतीलच असं नाही.

आता तुमची पात्रता. रिटर्नप्रमाणे महिना ३८,००० आणि सौभाग्यवतींचे ३४,०००, झाले ७२,०००. बहुतेक बँका ५० ते ६० टक्क्यांपर्यंत सगळ्या हप्त्यांची बेरीज चालवून घेतात. ६० धरले तर ४३ हजार. घराचा हप्ता ११ वजा, राहिले ३२ हजार. साडेदहा टक्के, १५ वर्षं, ३० लाखांचा हप्ता ३३ हजारांच्या वर जातो. थोडक्यात हुकतंय. सौभाग्यवतींना सहकर्जदार घेतल्याशिवाय तर प्रश्नच नाही. काही बँका वाचणारं भाडं हिशेबात घेतात. नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्सचे करार आणि भाड्याच्या बँक नोंदी बरोबर न्या. भाडं रोखीत देत असाल तर तो मुद्दा गेला.

आनंदनगरकर:
भाडं ऑनलाइनच देतो, करार नोंदवलेले आहेत. रिटर्नमध्ये नफा कमी दाखवलाय हे खरं, सगळेच दाखवतात. मागच्या वर्षाचं सुधारून भरलं तर चालेल का?

हिशेबनीस:
कायद्याने चालेल. बँकेत चालेलच असं नाही. दोन-तीन वर्षांची रिटर्न्स एकाच आठवड्यात भरलेली किंवा वाढवलेली दिसली की अधिकारी भुवई उंचावतो. त्यापेक्षा बँक स्टेटमेंट आणि यूपीआय जमा दाखवा, त्यावर पात्रता धरणाऱ्या योजना आहेत, पाव-अर्धा टक्का जास्त पडतो.

एक मात्र आत्ताच ठरवा. तुम्ही अनुमानित योजनेत आहात, म्हणजे उलाढालीच्या ठराविक टक्के नफा धरून कर (जुन्या नंबराने ४४एडी म्हणतो, सगळ्यांना तोच पाठ आहे). त्यात कर्जाचं व्याज आणि गाळ्याचा घसारा वेगळा वजा मिळत नाही, ते टक्क्यांत आलंच असं धरतात. २७ लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी अडीच लाखांच्या वर व्याज जाईल. वह्या ठेवून नियमित पद्धतीने भरलंत तर ते आणि इमारतीवर १० टक्के घसारा खर्चात घेता येईल. पण अनुमानित योजनेतून एकदा बाहेर पडलात की पुढची पाच वर्षं परत शिरता येत नाही. तुमच्या सीएला आकडे मांडायला सांगा. मुद्दलावर ८० सी ची करवजावट गाळ्याला नसतेच.

एडिसनचा_पंत:
न्यू जर्सीहून. इथे अशा छोट्या धंदेवाल्यांना एसबीएची (लघुउद्योगांसाठीची सरकारी संस्था) ५०४ योजना आहे. ५० टक्के बँक, ४० टक्के सरकारमान्य विकास संस्था, मालकाचे फक्त १० टक्के. अट इतकीच की अर्ध्याहून जास्त जागा स्वतःच्या धंद्याला वापरायची. आमच्या ओळखीच्या एका पटेलांनी मोटेल नाही तर चक्क दाताचा दवाखाना घेतला यात. भारतात असं काही नाही का? मुद्रा वगैरे?

खातेवही:
पंत, मुद्रातून मशीन, माल, खेळतं भांडवल. गाळा विकत घ्यायला शाखा मुद्रा देत नाहीत, आणि वरची मर्यादाही २० लाखच, ती सुद्धा आधीचं तरुण गटातलं कर्ज नीट फेडलेल्याला. पीएमईजीपीत (नवा धंदा उभारायची केंद्राची अनुदान योजना) जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत. त्यामुळे दोन्हींच्या नावाने कुणी गाळा मिळवून देतो म्हणाला तर दार दाखवा.

पण एक आडवाट आहे. आनंदनगरकर, काचा घासायचं मशीन बदलायचंय का? ते मशीन कर्जाने घ्या आणि त्यासाठी ठेवलेली रोकड गाळ्याकडे वळवा. फक्त त्याचा हप्ताही वरच्या ३२ हजारांतच बसवायचाय.

बोरघाट:
आमच्या पतसंस्थेत या. पंधरा दिवसांत काम, सिबिलची कटकट नाही.

खातेवही:
आणि व्याज किती ते लिहिलं नाहीत :) पतसंस्था सहकार खात्याखाली, रिझर्व्ह बँकेचे हप्ता-दंड-मुदतपूर्व फेडीचे नियम तिथे लागू नाहीत. थकलं तर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढून वसुली. दोन-तीन लाखांची नड असेल तर ठीक, १२-१५ वर्षांच्या कर्जाला माझं मत नाही.

नागरी सहकारी बँक मात्र जरूर बघा. गाळा त्यांना कळतो, अधिकारी स्वतः दुकानात येऊन बसतो, दोन तास गिऱ्हाईक मोजतो आणि रिटर्नपलीकडे जाऊन अंदाज बांधतो. त्याबदल्यात दोन जामीनदार मागतील (ज्याला जामीन उभं करताय त्याला सांगा की हे कर्ज त्याच्याही सिबिलवर दिसणार), आणि तारणी कर्जाच्या साधारण अडीच टक्के रकमेचे शेअर्स घ्यायला लावतील. २७ लाखांवर ते ६७,५०० होतात, अडकलेले पैसे, हिशेबात धरा. दर त्यांचा स्वतःचा असतो. मोठ्या व्यापारी बँकांचं सूक्ष्म-लघु उद्योगांचं तरत्या दराचं कर्ज रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) बाहेरच्या दराला बांधलेलं असतं; २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला तेव्हा त्यांचे हप्ते आपोआप उतरले. सहकारी बँकेत आणि फायनान्स कंपनीत अर्ज करून मागावं लागतं.

मुदतीआधी फेडायचं मनात असेल तर अजून एक प्रश्न विचारा: तुमची बँक कितव्या श्रेणीत? १ जानेवारी २०२६ पासून मंजूर कर्जांना नवा नियम आहे. तरत्या दराचं धंद्याचं कर्ज वैयक्तिक नावावर किंवा सूक्ष्म-लघु उद्योगाला दिलेलं असेल तर व्यापारी बँका आणि चौथ्या श्रेणीच्या नागरी बँका मुदतपूर्व फेडीला एक पैसाही लावू शकत नाहीत. तिसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे १,००० ते १०,००० कोटी ठेवींच्या नागरी बँका आणि स्मॉल फायनान्स बँका यांना ५० लाखांपर्यंतच्या कर्जावर तीच बंदी. त्याहून लहान नागरी बँक असेल तर तिचं स्वतःचं धोरण, लेखी मागा.

लेसरटेप:
नकाशा मिळाला का?

आनंदनगरकर:
मिळाला. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कपाटात होता, हातात धरला तर घडीवर फाटायला लागला. 'शॉप नं. ३' असं लिहिलंय, म्हणजे पार्किंगचा नाही. पण क्षेत्र १९० चौरस फूट. पुढचे ६० फूट तुम्ही म्हणालात तसे मार्जिनमधलेच. भोगवटा प्रमाणपत्र आहे.

लेसरटेप:
मग गाळा चांगला आहे, भाव चुकीचा आहे. १९० फुटांच्या भावाने बोला.

आनंदनगरकर:
(बऱ्याच दिवसांनी) प्रगती कळवतो.

दोन ठिकाणी अर्ज केला. एका मोठ्या बँकेच्या एमएसएमई कक्षात आणि एका नागरी सहकारी बँकेत, तिसऱ्या श्रेणीची आहे. एमएसएमई कक्षात नीट ऐकून घेतलं, पण रिटर्नच्या पलीकडे जायला तयार नाहीत, २१ लाखांवर अडले. सहकारी बँकेचे अधिकारी खरंच शनिवारी संध्याकाळी दुकानात येऊन बसले. मूल्यांकन ४१ लाख आलं.

तो अहवाल घेऊन मालकांकडे गेलो. पहिल्यांदा चिडले, 'समोरचा ४८ देतोय' म्हणाले. मग त्यांच्या सीएंनी कराचा आकडा काढून दिला तेव्हा निवळले. सव्वाबेचाळीस लाख, सगळे चेकने. कर्ज मूल्यांकनाच्या ६५ टक्के, २६ लाख ६५ हजार, सव्वादहा टक्के, १२ वर्षं, हप्ता ३२,२०० च्या आसपास. वाचणारं भाडं धरलं त्यांनी. आमच्या खिशातून १५ लाख ६०, मुद्रांक २ लाख ९६, नोंदणी ३०,०००, शेअर्स, गहाणखताचा मुद्रांक, वकील... कुसासासऱ्यांकडून थोडे घ्यावे लागतायत.

आता अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. मालकांनी १९९९ मध्ये पहिल्या खरेदीदाराकडून गाळा घेतला. त्यांचं स्वतःचं खरेदीखत आहे, पण बिल्डरने पहिल्याला करून दिलेला मूळ करारनामा सापडत नाही. बँकेचे वकील म्हणतात त्याशिवाय पुढे नाही.

हिशेबनीस:
अभिनंदन. बाकी 'कुसासासऱ्यांकडून' म्हणजे काय ते कळलं नाही :)

आनंदनगरकर:
फोनचा कळफलक हो. 'सासूसासऱ्यांकडून'.

खातेवही:
साखळीतला कागद हरवणं रोजचं आहे, घाबरू नका. मालकांनी पोलिसांत हरवल्याची नोंद करायची. मराठी आणि इंग्रजी एकेका दैनिकात वकिलामार्फत जाहीर सूचना, हरकती मागवायला १४-१५ दिवसांची मुदत. दुय्यम निबंधक, हवेली, यांच्याकडून त्या कराराची प्रमाणित प्रत. सूची २ वरून दस्त क्रमांक सापडतो. वर मालकांचं नुकसानभरपाईचं हमीपत्र. हे चारही वकिलांच्या हाती दिले की बहुतेक बँका मानतात. खर्च मालकांचा, हे आत्ताच बोलून घ्या. कागद खरंच हरवलाय की कुठे गहाण पडलाय हे पाहायला बँकेला सर्सायवर (गहाण मिळकतींची केंद्रीय नोंदणी) शोध घ्यायला सांगा, आणि तुमच्या वकिलाला ३० वर्षांचा सर्च (मालकीच्या नोंदींचा शोध). व्यवहाराचा इसार किती दिलाय?

आनंदनगरकर:
५१,०००, चेकने. पावती आहे.

खातेवही:
पुरे. सूचनेची मुदत संपेपर्यंत अजून एक रुपया देऊ नका. इसारपावतीवर 'कागदपत्रं बँकेला मान्य न झाल्यास इसार परत' हे वाक्य नसेल तर ते आजच लिहून दोघांच्या सह्या घ्या. नोंदणीच्या दिवशी बँकेचा माणूस डीडी घेऊन निबंधक कार्यालयात येतो, सह्या-अंगठे झाल्यावरच डीडी मालकांच्या हातात जातो. खरेदीखत तिथून थेट बँकेत. बँकेत जमा केलेल्या प्रत्येक मूळ कागदाची यादी शिक्क्यासह घ्या आणि घरी जपा. कर्ज फिटल्यावर कागद परत मागताना काय जमा केलं होतं ते तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

लेसरटेप:
आणि नोंदणीआधी वीज मीटर कुणाच्या नावावर आहे तेवढं बघा. पहिल्याच खरेदीदाराच्या नावावर असणार, पैज लावतो.

आनंदनगरकर:
बिल आत्ता काढून बघितलं. पैज जिंकलात.

गिरगावचा_गण्या:
धागा उपयोगी आहे, वाचनखूण साठवली. आमच्याकडे गिरगावात पागडीचं दुकान मिळतंय, भाव एकदम कमी. त्याला कर्ज मिळेल का?

खातेवही:
पागडीत तुम्ही भाडेकरू होता, मालक नाही. गहाण ठेवायला मालकीच नसते, त्यामुळे तारणी कर्ज नाही. भाव कमी आहे तो त्याचमुळे. पुनर्विकासाची आशा धरून घेत असाल तर स्वतःच्या पैशाने घ्या, आणि घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय, हस्तांतर फीची पावती आणि भाडेपावती तुमच्या नावावर झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. यावर वेगळा धागा काढा, इथे अवांतर होईल.